‘मला एडीएचडी तर नाही ना?’ आणि १५ हजारांचं पॅकेज

मी समुपदेशक आहे आणि हा प्रश्न घेऊन येणारे आता बरेच असतात. एडीएचडी म्हणजे लहानपणापासून लक्ष टिकवणं, हातातलं काम पुरं करणं अवघड जाणं. बहुतेक तिशी-चाळिशीतले, मोबाइलवर रील बघून आलेले. “मॅडम, हे तर सगळं माझंच वर्णन आहे!” काही सहकारी यावर हसतात. मी नाही हसत. रीलमुळे का होईना, माणूस दारापर्यंत येतो.

पतसंस्थेत काम करणारी एक बाई अशीच आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) आकडेमोडीत पक्की, पण व्हाउचर अर्धं भरून दुसऱ्याच कामाला लागायची. खात्यात पैसे असूनही लाइटबिल दर वेळी उशिरा, वर दंड. घरात ‘वेंधळी’ हे जवळजवळ टोपणनावच झालेलं. एका खासगी सेंटरने तिला ‘ब्रेन मॅपिंग’सकट (म्हणजे मेंदूतल्या लहरींची नोंद) १५ हजारांचं तपासणी पॅकेज सांगितलं होतं आणि ती पतसंस्थेतूनच उचल घ्यायच्या बेतात होती.

तिला आधी सांगितलं, पैसे भरू नका. एडीएचडीचं निदान रक्तातून होत नाही, स्कॅनमधून होत नाही, ब्रेन मॅपिंगमधूनही होत नाही. ते होतं नीट विचारपूस करून. जागतिक आरोग्य संघटनेची १८ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, त्यातले पहिले सहा चाळणीचे. सहापैकी चार उत्तरं ठरावीक रेषेपलीकडे गेली, तर पुढे तपासायचं. तिची पाच गेली.

“म्हणजे आहेच ना, मॅडम?”

नाही. चाळणी म्हणजे निदान नव्हे. निदान मानसोपचारतज्ज्ञ करणार, औषधही तेच देणार. ते समुपदेशकाचं काम नाही. मी करू शकत होते ती पूर्वतयारी. लक्षणांची सुरुवात वयाच्या बाराव्या वर्षाआधी झालेली असावी लागते, म्हणून तिला म्हटलं, आईला घेऊन या. जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर तीही.

आई आल्या त्या साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन. आत सगळी प्रगतिपुस्तकं. चौथीच्या बाईंचा शेरा : ‘हुशार आहे. लक्ष दिल्यास पहिली येईल.’ सातवीतही जवळपास तेच वाक्य, फक्त हस्ताक्षर वेगळं. आई म्हणाल्या, “डबे तर इतके हरवले हिने, की शेवटी कागदात पोळी-भाजी गुंडाळून द्यायला लागले मी.” वर्गात धुडगूस घालणारा मुलगा शिक्षकांना लगेच दिसतो. खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली मुलगी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. बायकांचं निदान उशिरा होण्याचं हे एक मोठं कारण.

मग ती जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत गेली. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. रांग मोठी, बसायला जागा नाही, पहिल्या दिवशी डॉक्टरांनी जेमतेम दहा मिनिटं दिली. पण त्या दहा मिनिटांत झोप, पाळी, मूड, सगळं विचारलं आणि थायरॉइड व हिमोग्लोबिन तपासायला लावलं. हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. गोळ्यांनी थकवा गेला, विसरभोळेपणा मात्र तसाच. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी आईशी बोलून, प्रगतिपुस्तकं चाळून एडीएचडीचं निदान केलं.

औषधाची तिला धास्ती होती : “सवय लागेल का?” एडीएचडीसाठी दिलं जाणारं मिथिलफेनिडेट हे औषध कडक नियंत्रणाखाली येतं; चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक मेडिकलवालाही ते ठेवत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्या मात्रेत घेणं वेगळं आणि परस्पर वाढवणं वेगळं. तिला ॲटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचं दुसरं औषध सुरू झालं. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ आणि भूक मंद. जेवल्यावर घेतल्याने मळमळ कमी झाली. बीपी आणि नाडी तपासून घ्यावी लागते, ती ओपीडीतच होते.

दुसरी भीती नोकरीची. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तुमच्या आजाराची माहिती गोपनीय ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. ऑफिसात सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं. तिने फक्त शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला सांगितलं आणि दोघी आता चारच्या चहाआधी एकत्र बसून व्हाउचर संपवतात. लाइटबिल ऑटो-पे वर टाकलं. घरचे ‘वेंधळी’ म्हणायचे थांबलेत असं नाही. नवऱ्याशी अजून दोन बैठका व्हायच्यात.

सगळ्यांचं उत्तर ‘हो’ येत नाही, हेही सांगते. रात्रपाळी करणारा एक तरुण याच शंकेने आला होता. शाळेत त्याला काहीच त्रास नव्हता. झोप होती जेमतेम चार तास. डॉक्टरांनी आधी झोपेवरच काम करायला सांगितलं.

तुमच्या जिल्ह्यात कुठे जायचं कळत नसेल, तर १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी टेलि-मानस क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीतही बोलतात. ओपीडीचे वार आधी विचारून घ्या, आणि जाताना प्रगतिपुस्तक व लहानपणापासून ओळखणारं कुणीतरी सोबत न्या.