पिकअपचं इंजिन ठोकतंय? उघडायच्या आधी हे वाचा

या वेळच्या बहुतेक पत्रांत एक वाक्य सारखंच आहे: "इंजिन नॉक करतंय, मिस्त्री म्हणतो उघडावं लागेल." कधीकधी उघडावं लागतंही. पण मूळ गाडीत फेरफार केलेले असतील, तर आधी तो आवाज कशाने वाढतो आणि कशाने कमी होतो हे नीट पाहायला हवं. लोड टाकल्यावर येतो की नुसत्या रेसवर? गार इंजिनाला की गरम झाल्यावर? कोणत्या इंधनावर? एवढं कागदावर लिहून गॅरेजला गेलात तर निम्मं काम झालं समजा.

प्रश्न: माझ्याकडे बीएस-४ डिझेल पिकअप आहे. ताकद वाढावी म्हणून वर्षापूर्वी ट्यूनिंग बॉक्स लावला. मार्केट यार्डातून भुसार माल भरून सासवडला जाताना दिवे घाटात तिसऱ्या गिअरला जोरात खडखड येते. रिकाम्या गाडीला काही नाही. चारही नोझल बदलून टाकू का? (सासवड)

थांबा, नोझलवर आत्ताच पैसे घालू नका. तुमच्या बॉक्सचं काम आधी समजून घ्या. असे बहुतेक बॉक्स रेलच्या (चारही नोझलना जास्त दाबाने डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीच्या) प्रेशर सेन्सरच्या वायरीत मध्ये बसतात आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, खऱ्यापेक्षा कमी प्रेशर दाखवतात. ईसीयू बिचारा प्रेशर वाढवतो आणि नोझल तेवढाच वेळ उघडं राहूनही जास्त डिझेल आत जातं.

डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो, दाबाने तापलेल्या हवेतच डिझेल पेटतं. आत गेल्यावर पेट घ्यायला त्याला क्षणभर वेळ लागतो. तेवढ्यात जितकं साठतं, ते सगळं एकदम भडकतं आणि तोच ठोका आपल्याला ऐकू येतो. कॉमन रेलमध्ये मुख्य फवाऱ्याआधी अगदी थोडं डिझेल सोडून चेंबर तापवलेलं असतं, म्हणून ही इंजिनं जुन्या डिझेलपेक्षा शांत चालतात. कंपनीने बारीक हिशोबाने बसवलेलं हे गणित तुमचा बॉक्स बिघडवतो, आणि भरल्या गाडीने चढ चढताना ते सगळ्यात जास्त जाणवतं.

तेव्हा बॉक्स काढा, मूळ कनेक्टर जोडा आणि तोच माल भरून, त्याच घाटात, त्याच गिअरला गाडी चढवा. खडखड गेली तर एक रुपया न खर्चता उत्तर मिळालं. मग तो बॉक्स परत लावू नका. मालवाहू गाडीला रोज तासन्‌तास लोडवर राबायचं असतं. जास्तीच्या डिझेलची उष्णता पिस्टनच्या डोक्यावर बसते आणि पिस्टन वितळायला लागला की कोणतीही ट्यूनिंग कामाला येत नाही.

बॉक्स काढूनही आवाज राहिला तर नोझलकडे वळा, पण तपासून. स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरचं करेक्शन (ईसीयू त्या सिलिंडरला डिझेल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) बघा, एखादा आकडा बाकीच्यांपासून फार लांब असेल तर संशय तिथे. मग रिटर्न टेस्ट करायला सांगा. चारही नोझलच्या रिटर्नला (न फवारलेलं डिझेल परत जातं त्या वाटेला) पारदर्शक नळ्या जोडून त्या चार सारख्या बाटल्यांत सोडतात आणि इंजिन काही मिनिटं चालवतात. तीन बाटल्यांत बोटभर डिझेल आणि चौथी अर्धी भरली, तर गुन्हेगार समोर उभा आहे, एकच नोझल काढा. नवीन नोझलवर एक कोड कोरलेला असतो. अनेक गाड्यांत तो स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो. तो भरायचा राहून गेला, तर नवंकोरं नोझलही ठोकतं.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. जुन्या पंपाच्या गाड्यांवर नोझलच्या पाइपाचा नट सैल करून "कोणता सिलिंडर ठोकतोय" ते पाहायची पद्धत होती. कॉमन रेलवर हे चुकूनही करू नका, कुणाला करू देऊ नका. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो आणि त्या दाबाची बारीक धारही कातडी फोडून आत शिरते.

प्रश्न: जुनी कार्ब्युरेटरची जिप्सी आहे, मागे हौद बसवून पिकअप केली आहे. गरम होऊन हेड वाकलं होतं, म्हणून लेथवर घासून घेतलं. तेव्हापासून चढावर ॲक्सिलरेटर दाबला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. ऑक्टेन बूस्टर टाकत राहू का? (कोथरूड)

तुम्ही केलेलं आवाजाचं वर्णन अचूक आहे. पेट्रोल इंजिनातलं खरं नॉकिंग ते हेच. प्लगने पेटवलेली आग पसरत जाते, आणि ती लांबच्या कोपऱ्यात पोचायच्या आत तिथलं उरलेलं मिश्रण दाबाने तापून आपणहून पेटतं. आतल्या दाबाची लाट भिंतींवर आदळते, तिचा हा आवाज.

हेड घासल्याने काय झालं त्याचा हिशोब करून पाहू. समजा एका सिलिंडरचा स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टन खालून वर येताना व्यापतो ती जागा) ३२५ सीसी आणि कॉम्प्रेशन ९ ला १, म्हणजे आतलं मिश्रण नऊ पट दाबलं जातं. त्या हिशोबाने वर उरलेली जागा सुमारे ४०.६ सीसी. हेड १ मिलिमीटर उतरवलं आणि त्यात ३.५ सीसी गेले, तर उरले ३७. कॉम्प्रेशन झालं जवळपास पावणेदहा! मिलिमीटरभर कागदावर काहीच वाटत नाही, पण इंजिनाला ते चांगलंच कळतं. लेथवाल्याला किती उतरवलं ते विचारा, बऱ्याच जणांना ते आठवतं. नसेल आठवत तर हेडची उंची मोजून मूळ मापाशी ताडून बघा.

बूस्टर रोज टाकून हा खर्च कायमचा मागे लावून घेऊ नका. मात्र जास्त ऑक्टेनचं, म्हणजे दाबाने सहजी आपणहून न पेटणारं, पेट्रोल तपासणीसाठी फार उपयोगी पडतं. टाकी जवळजवळ रिकामी करा, १०० ऑक्टेनचं दहा लिटर भरा आणि तोच चढ चढा. आवाज गेला तर नॉकिंग नक्की. तसाच राहिला तर बेअरिंग, गजनपिन, टॅपेट, म्हणजे लोखंडाकडे बघायला लागा.

नॉकिंगच निघालं, तर टायमिंग लाइट लावून डिस्ट्रिब्युटर दोन-तीन डिग्री मागे घ्या, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडेल. थोडी ताकद जाईल, इंजिन राहील. हेड पुन्हा काढायचं झालंच, तर जाड गॅस्केट घालून कॉम्प्रेशन खाली आणा आणि चेंबरमधला कार्बन साफ करून घ्या. तोही जागा खातो आणि तापून निखाऱ्यासारखा राहतो.

तुमच्या कार्ब्युरेटरचा आणखी एक मुद्दा आहे. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. त्याचं ऑक्टेन चांगलं असतं, पण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, याला साडेतेराच्या आसपास पुरते. इंजेक्शनची गाडी हे सांभाळून घेते, कार्ब्युरेटरला ते कळत नाही, मिश्रण पातळ राहतं आणि इंजिन तापतं. मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) एक नंबर मोठा टाकून बघा.

प्रश्न: पेट्रोल मिनी पिकअपला बाहेरून सीएनजी किट बसवलं. गॅसवर गाडी शांत आहे, पेट्रोलवर टाकली की नॉक करते. मेकॅनिकने स्कॅनर लावून टायमिंग बरोबर आहे म्हणून सांगितलं. (भोसरी)

मेकॅनिक खोटं बोलत नाहीये, स्कॅनर त्याला अर्धंच दाखवतोय. सीएनजी पेट्रोलपेक्षा हळू जळतो, म्हणून काही किटवाले ॲडव्हान्सर नावाची छोटी डबी बसवतात. ती क्रँक सेन्सरचा सिग्नल पुढे सरकवते आणि ठिणगी लवकर पडते. सीएनजीचं ऑक्टेन १२० च्या वर, त्याला हे चालतं. पेट्रोलवर गेल्यावर ही डबी बंद पडायला हवी. रिले चिकटला किंवा वायर चुकीची जोडली गेली असेल, तर पेट्रोललाही तीच लवकरची ठिणगी मिळते.

डबी सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसलेली आहे. ईसीयूला वाटतं टायमिंग ठीक आहे, आणि ईसीयूला जे वाटतं तेच स्कॅनर वाचतो. म्हणून डबी वायरिंगमधून पूर्ण बाजूला करा, मूळ कनेक्टर थेट जोडा आणि पेट्रोलवर चालवा. शांत झाली तर किटवाल्याकडे जाऊन रिले बदलून घ्या. डबी काढूनही नॉक राहिला, तर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधन किती कमी-जास्त करतोय ते आकडे) पाहा. गॅसवर चालताना बिघडलेले आकडे पेट्रोलवर मिश्रण पातळ करू शकतात.

किटची नोंद आरसी बुकात करून घेतली नसेल तर घ्या. सिलिंडरची तीन वर्षांची हायड्रो टेस्टही चुकवू नका. ती तुमच्याच पाठीमागे बसलेली टाकी आहे.

प्रश्न: मॉडिफाय केलेली डिझेल पिकअप सेकंडहँड घेतली. इंजिनातून टकटक येते. दोन गॅरेजवाले म्हणतात बिगएंड बेअरिंग गेलं, ओव्हरहॉल करा. खर्च झेपणारा नाही. (वाघोली)

तुमची काळजी समजते, म्हणून इथे सविस्तर लिहितो. बिगएंड म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला जोडला जातो तिथलं बेअरिंग.

आधी ऐका. फक्त सकाळच्या गार इंजिनाला येते आणि गरम झाल्यावर जाते, तर बहुधा पिस्टन बोअरमध्ये किंचित हलतोय. ते लगेच मारत नाही. आवाज इंजिनाच्या वेगाच्या निम्म्या लयीत असेल तर वरच्या अंगाला, टॅपेटकडे बघा, कारण कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. क्लच दाबल्यावर बदलतो तर फ्लायव्हील किंवा क्लच. आणि गरम इंजिनाला थोडी रेस देऊन ॲक्सिलरेटर सोडताना खोल, जड ठोका येत असेल, तर बेअरिंगचा संशय घ्यायला हरकत नाही.

एका पिकअपच्या बाबतीत मी स्वतःच चुकलो होतो, ते सांगतो. तसाच जड ठोका, तसाच वेग. मी मालकाला बेअरिंग सांगितलं आणि खालचा ऑइलचा चेंबर उतरवला. शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) काढून नखाने चाचपले: गुळगुळीत, एक ओरखडा नाही. क्रँकचा पुलीचा बोल्ट सैल होता. पुली हाताने धरून हलवली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं. तेव्हापासून पुली, फ्लायव्हील आणि माउंटिंग हात लावून पाहिल्याशिवाय मी कुणाला बेअरिंग म्हणत नाही. मॉडिफाय केलेल्या गाडीत बाहेरून बसवलेला जाड सम्प गार्ड चेंबरला टेकतोय का, हेही पाहा.

बाहेरचं सगळं घट्ट असेल, तर ऑइल फिल्टर काढून पत्रा कापा. आतला कागद उलगडून उन्हात तिरका धरा. बारीक चमक दिसली तर लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं ते लोखंड. न चिकटणारी तांबूस किंवा रुपेरी चमक बहुधा बेअरिंगची. त्याच वेळी ऑइल स्विचच्या जागी साधं गेज लावून गरम इंजिनाचं प्रेशर मोजायला सांगा आणि ते त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा.

कागद स्वच्छ आणि प्रेशर बरोबर असेल, तर ओव्हरहॉलला नाही म्हणा. चमक दिसली तर मात्र गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा. त्या अवस्थेत शेल बदलून आणि क्रँक घासून भागू शकतं. आणखी चालवलीत आणि रॉड सुटला तर ब्लॉकच फुटेल. सामान नाना पेठेतून आणणार असाल तर जुना शेल बरोबर न्या, क्रँक आधी घासलेला असेल तर अंडरसाइझ शेल लागतो.

प्रश्न: नॉक सेन्सरमुळे गाडी ताकद कमी करते. काढून टाकू का? (चिंचवड)

नाही. तो ब्लॉकची साधारण सहा-सात किलोहर्ट्झची थरथर ऐकतो आणि टायमिंग मागे घेतो, म्हणून तुमचे पिस्टन शाबूत आहेत. खोटा नॉक वाटत असेल तर त्याचा बोल्ट टॉर्क रेंचने कंपनीच्या मापाला बसवा (बहुतेक गाड्यांत २० न्यूटन-मीटरच्या आसपास) आणि खालच्या जागेवरचा गंज पुसा. इंजिनाला चिकटवलेले सैल ब्रॅकेटही बघा.

प्रश्न: पिकअपमध्ये दुसरं पेट्रोल इंजिन आणि स्वतंत्र ईसीयू बसवून पुण्यात ट्यून केली. इथे छान चालते, ताम्हिणी उतरून माणगावकडे गेलो की फुल थ्रॉटलला नॉक. (बाणेर)

तुमच्या ट्यूनरची चूक म्हणू नका, पुणं उंचावर आहे. समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर. इथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो, कोकणात १०१. खाली उतरलात की प्रत्येक सिलिंडरमध्ये पाच-सहा टक्के जास्त हवा जाते. तुमच्या ईसीयूत हवेच्या दाबाप्रमाणे टायमिंग आणि पेट्रोल ठरवणारा तक्ता असतो, त्यातल्या ९५ च्या वरच्या ओळी पुण्यात कधी वापरल्याच गेल्या नाहीत, तिथे अंदाजाने भरलेले आकडे पडून आहेत. माणगावला इंजिन पहिल्यांदा त्या ओळींवर जातं.

ट्यूनरला सांगा: १०० च्या ओळीतलं टायमिंग दोन-तीन डिग्री मागे घ्या, पेट्रोल थोडं वाढवा, आणि खालीच, तिथल्याच उन्हात लॅपटॉप घेऊन लॉग काढा. तोवर कोकणात फुल थ्रॉटल देऊ नका, एक गिअर खाली टाकून अर्ध्या पेडलवर चला. परतीचा घाट चढायच्या आधी इंजिन गार होऊ द्या आणि एक प्लग काढून बघा. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे काळे किंवा रुपेरी ठिपके दिसले, तर ती पिस्टनची ॲल्युमिनियम आहे. मग माल माणगावलाच उतरवा आणि रिकामी गाडी हळू वर आणा.