मायक्रोवेव्ह दोन मिनिटांत गरम करतो, मग दोन मिनिटांत गार करणारं यंत्र का नाही?

तुमचं म्हणणं असं की लहरी सोडून वाटीभर भात दोन मिनिटांत वाफाळतो, तर तसल्याच कुठल्यातरी लहरींनी कोमट बाटली दोन मिनिटांत बर्फगार का होऊ नये? मे महिन्यातल्या सोलापुरात हा प्रश्न कुणाला पडत नसेल तरच नवल. पारा 43 वर, आणि आपण दर पाच मिनिटांनी फ्रीजचं दार उघडून बाटलीला हात लावून बघतोय. (उघडू नका हो. आतली गार हवा जड असते, ती सगळी तुमच्या पायावर सांडते.)

मी रेफ्रिजरेशनची कामं करतो, घरच्या फ्रीजपासून कोल्ड स्टोरेजपर्यंत. शिकाऊ होतो तेव्हा उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: थंडी नावाची वस्तू नसते, त्यामुळं ती आत भरता येत नाही. असते ती उष्णता, आणि ती बाहेर काढावी लागते. मायक्रोवेव्ह घालतो, आम्ही काढतो. घालणं सोपं आहे.

मायक्रोवेव्हच्या लहरी सेकंदाला 245 कोटी हेलकावे घेतात. पाण्याचे रेणू त्या तालावर वळायला बघतात, शेजाऱ्यांवर आदळतात आणि त्या धक्काबुक्कीत पदार्थ तापतो. लहरी एक-दोन सेंटिमीटर आत शिरतात, म्हणून तेवढा थर एकदमच गरम होतो. ‘मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो’ हे खरं नाही. मोठ्या बटाट्याच्या मध्यापर्यंत उष्णता शेवटी आपल्या पायानंच जाते.

आता याचं उलटं करून बघा. रेणूंची धावपळ वाढवायला कसाही धक्का चालतो. कमी करायची तर कोण कुठं पळतोय ते बघून नेमका समोरून धक्का द्यायला हवा. हे जमतच नाही असं नाही. लेझरच्या प्रकाशानं अणू गार करण्याच्या पद्धतीला 1997 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालंय. पण ते निर्वात पोकळीतले विरळ वायूचे अणू. श्रीखंडाच्या डब्याला ती युक्ती लागू पडत नाही.

मग मार्ग एकच उरतो, पृष्ठभागाचा. मधल्या उष्णतेनं थराथरातून वाट काढत कडेला यायचं आणि तिथून कुणीतरी ती उचलून न्यायची. जाडी दुप्पट केली की वेळ दुप्पट नाही, जवळजवळ चौपट होतो. त्यात बर्फ करायचा म्हटलं तर वेगळंच ओझं. शून्य अंशाच्या एक किलो पाण्याचा शून्य अंशाचाच बर्फ करायला 334 किलोज्यूल काढावे लागतात. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापलं असतं! 42 अंशांच्या एक लिटर पाण्याचा बर्फ करायचा तर एकूण 510 किलोज्यूल. 800 वॅटचा मायक्रोवेव्ह एवढी ऊर्जा साडेदहा मिनिटांत आत ढकलतो. घरचा फ्रीज दीडशे-दोनशे वॅटच्या वेगानं उष्णता काढतो असं धरलं तरी पाऊण ते एक तास, तोही उष्णता वाटेत कुठं न अडखळता बाहेर आली तर. ती अडखळतेच.

किती अडखळते ते मी पदरचे पैसे घालून शिकलोय. इथं डाळिंबाचा भाग. एका ओळखीच्या माणसानं दाणे काढून गोठवून विकायचं ठरवलं आणि कोल्ड रूम मी उभारून दिली, उणे 20 ची. त्यानं दहा-दहा किलोचे क्रेट भरून आत ठेवले. दुसऱ्या दिवशी बघतो तर वरचा थर दगड, मधे बोट खुपसलं तर गार चिखल. चार दिवसांनी सगळा एकच गोळा झाला. तो फोडून दाणे परातीत ठेवले, तर तासाभरात परातीत लाल पाणी आणि वर सुरकुतलेली सालपटं. खोलीचं तापमान बरोबर होतं. चूक ही की कोल्ड रूम गोठलेला माल सांभाळायला असते, माल गोठवायला नव्हे. हे मला माहीत असून मी ठासून सांगितलं नाही, म्हणून निम्मा तोटा मी सोसला.

दाण्यातलं बरंचसं पाणी उणे 1 ते उणे 5 या टप्प्यात गोठतं. तिथं माल रेंगाळला की बर्फाचे थोडेच पण मोठे स्फटिक वाढतात आणि पेशींच्या भिंती फाडतात. तो टप्पा झपकन ओलांडला तर बारीक बारीक असंख्य स्फटिक होतात आणि भिंती बऱ्याचशा शाबूत राहतात. घाई आहे ती यासाठी.

पुढं दुसऱ्या एका ठिकाणी आयक्यूएफचं, म्हणजे दाणा न् दाणा सुटा ठेवून झटपट गोठवणारं मशीन चालताना बघितलं. जाळीच्या पट्ट्यावरून दाणे चाललेत, खालून उणे 35 ची हवा एवढ्या जोरात की दाणे उचलले जाऊन नाचतात, कढईत लाह्या उडाव्यात तसे. एकही दाणा दुसऱ्याला चिकटत नाही. प्रत्येकाला चारी बाजूंनी वारा, आणि दाणा केवढा, तर सेंटिमीटरभर. सात-आठ मिनिटांत ओंजळीत घेतले तर खडखड वाजत होते. तुमच्या ‘दोन मिनिटां’च्या सगळ्यात जवळ जाणारं मी पाहिलेलं यंत्र हेच. द्रवरूप नायट्रोजन उणे 196 चा असतो, तो याहून झटपट. पण मोठी वस्तू त्यात बुडवली की कवच आधी गोठतं आणि नंतर गोठून फुगणारा गाभा ते तडकवतो.

ही अक्कल मुळात वाऱ्याची. अमेरिकेचा क्लॅरन्स बर्ड्सआय 1912 च्या सुमारास आजच्या कॅनडातल्या लॅब्राडॉरला गेला होता. तिथल्या इनुइट लोकांनी पकडलेले मासे उणे 40 च्या वाऱ्यात बघता बघता गोठत आणि कित्येक महिन्यांनी शिजवले तरी ताज्यासारखे लागत. त्यानं मग गार धातूच्या पत्र्यांमधे पाकिटं दाबून गोठवायची यंत्रं बनवली, आणि 1930 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांतून तो माल विकायला आला.

लॅब्राडॉर लांब राहिलं, आपला मटका कुल्फीवाला बघा. पत्र्याचे निमुळते साचे, बर्फात जाडं मीठ आणि मटका सारखा हलवणं. साचा बारीक, म्हणून वाट छोटी. मिठामुळं बर्फ शून्याच्या खाली वितळतो, मिश्रण उणे 21 पर्यंत उतरू शकतं. खारं पाणी साच्याला सगळीकडून चिकटतं, हवेला ते जमत नाही.

तेव्हा घरी पाहुणे दारात असतील तर बाटली फ्रीजरमध्ये कोंबू नका. बादलीत बर्फ, बर्फ बुडेल एवढं पाणी, दोन-तीन मुठी जाडं मीठ, आणि बाटली आडवी धरून फिरवत राहा. अर्ध्या लिटरची बाटली दहा-बारा मिनिटांत पिण्याजोगी गार होते. उरलेली आमटी फ्रीजरला टाकायची असेल तर डब्यात नको, पिशवीत चपटी करून स्टीलच्या ताटावर आडवी ठेवा. आणि हो, गोठलेलं काही मायक्रोवेव्हमध्ये घातलंत तर डीफ्रॉस्टच दाबा. बर्फातले रेणू जखडलेले असतात, ते लहरींना दाद देत नाहीत. जिथं थेंबभर पाणी सुटतं तिथंच सगळी ऊर्जा ओतली जाते. कडेला चटका आणि मधे बर्फ, तो यामुळंच.