बांद्यात राहावं की म्हापशात?

तुम्ही विचारलंत, नोकरी म्हापशाजवळ करासवाड्याला लागली आहे, मुलगी दोन वर्षांची आहे. तर गोव्यात म्हापशात बिऱ्हाड करावं, की हद्दीच्या अलीकडे सिंधुदुर्गात, बांद्याला वडिलोपार्जित जागेत घर बांधून रोज ये-जा करावी? महाराष्ट्रातलं जगणं बरं की गोव्यातलं? मी अकरा वर्षं म्हापशात भाड्याने राहिलो आणि आता परत बांद्याला आलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

पेट्रोल, वीज, बाजार यांवरून ठरवू नका. पेट्रोल गोव्यात स्वस्त पडतं हे खरं, पण ते तुम्ही बांद्यात राहूनही हद्दीपलीकडच्या पत्रादेवीला भराल. पावसाळ्यात वीज दोन्हीकडे जाते. मोपाचा विमानतळ २०२३ पासून दोघांच्याही हाताशी आहे. खोलीभाडं मात्र म्हापशात पगाराचा मोठा घास घेतं, आणि तिथे जागा विकत घेणं आपल्यासारख्याच्या आवाक्याबाहेर गेलंय.

खरा फरक सरकार किती लांब आहे, यात आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साधारण साडेचौदा लाख, आणि आमदार ४०. आपला सिंधुदुर्ग साडेआठ लाखांचा, आमदार ३, तेही महाराष्ट्राच्या २८८ मधले. बांद्याहून पणजी तासाभरावर, मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. गोव्यात वाड्यावरचा नळ बंद पडला तर माणसं आमदाराच्या दारात उभी राहतात, आणि तो भेटतो. २००१ ते २०११ या काळात आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. बंद घरांची कुलपं बघितली की मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

इस्पितळाचं सांगतो, कारण घरात म्हातारी माणसं असतील तर सगळं तिथेच येऊन थांबतं. २०१६ च्या जूनमध्ये वडिलांना अर्धांगाचा झटका आला. आपल्याकडच्या एका सरकारी रुग्णालयात नेलं, तज्ज्ञ नव्हता. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने सलाईन लावलं, हात जोडून म्हणाला, "काका, वेळ घालवू नका, बांबोळीला न्या." धो धो पावसात बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ गाठलं. वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात चटया टाकून बसलेली माणसं कोण? कुडाळची, वेंगुर्ल्याची, पलीकडून कारवारची. शेजारच्या बाईने न विचारता पेजेचा डबा पुढे केला. वडील त्यानंतर तीन वर्षं जगले, ते बांबोळीमुळे. २०१८ पासून गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. गोव्यावर राग धरण्यापेक्षा आपल्या जिल्ह्यात दवाखाने नीट करा, ही मागणी मला तेव्हाही रास्त वाटली, आजही वाटते. जिल्ह्याच्या मुख्यालयी, ओरोसला २०२१ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं, तरी मोठ्या दुखण्याला गाडीचं तोंड अजून बांबोळीकडेच वळतं.

आता मुद्द्याचं. गोव्यातल्या ज्या सोयींची आपण वाखाणणी करतो, त्यांतल्या बहुतेकांना पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. सरकारी नोकरीला तो लागतो, शिवाय कोंकणी यावी लागते. मी अकराव्या वर्षी परतलो. ना तिथला झालो, ना इथलं रेशनकार्ड वेळेवर नीट ठेवलं. म्हणजे भाडं गोव्याचं भरलं आणि सोयी कुठल्याच मिळाल्या नाहीत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पाच-सात वर्षांचाच विचार असेल तर बांद्याला घर बांधा. पाऊण तासाची दुचाकी आहे. पावसात रात्रपाळी करून परतताना मात्र जपा, हायवेवर गुरं बसलेली असतात. वहिनींना एसटीत अर्धं तिकीट आहे, आजूबाजूला आपली माणसं आहेत. पण मुलीचं शिक्षण, तिची नोकरी गोव्यातच व्हावी असं मनात असेल, तर आजच जा, चार वर्षांनी नको. ती शाळेत जायच्या आत तिथे राहायला लागलात, तर बारावी होईपर्यंत पंधरा वर्षं भरतील.

आणि पहिल्या दिवसापासून कागद जपा: भाडेकरार, वीजबिल, मुलीचे शाळेचे दाखले. मामलेदार कचेरीत वास्तव्याचा दाखला मागायला जाल तेव्हा सलग पुरावा लागतो. घरमालक करार नोंदवून द्यायला तयार नसेल, तर खोली कितीही हवेशीर असो, घेऊ नका.