रात्रीच्या बातम्या पाहून म्युच्युअल फंडातून बाहेर पडावे का?

प्रश्न: मी इचलकरंजीतील एका सूतगिरणीत लेखा विभागात नोकरी करतो. वय ५१. गेली नऊ वर्षे दोन इक्विटी म्युच्युअल फंडांत मिळून दरमहा १०,००० रुपयांची एसआयपी चालू आहे. आजवर सुमारे ११ लाख भरले असून मूल्य १८ लाखांच्या आसपास आहे. यातले सहा लाख पुढच्या वर्षी जुलैत मुलीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी लागतील, बाकीचे निवृत्तीसाठी आहेत. पंधरा दिवस रोज रात्री ‘गुंतवणूकदारांचे इतके लाख कोटी बुडाले’ हेच ऐकतो आहे. सगळे पैसे काढून घ्यावेत आणि वातावरण निवळले की परत घालावेत, असे वाटते. माझ्या मेहुण्यांनी २०२४ च्या लोकसभा निकालाच्या रात्री असेच केले आणि ‘सुटलो’ म्हणाले. आपले मत काय?

उत्तर: नमस्कार. सहा लाख काढून घ्या आणि बारा लाख आहेत तिथेच राहू द्या, असे माझे मत आहे. मात्र सहा लाख काढण्याचे कारण बातम्या हे नाही. बातम्या पूर्ण शांत असत्या, तरीही मी हेच सांगितले असते.

आपण मेहुण्यांचा दाखला दिला आहे, म्हणून त्याच आठवड्याचा हिशेब पाहू. शुक्रवारी, ३१ मे २०२४ रोजी, मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स ७३,९६१ वर बंद झाला. शनिवारी संध्याकाळी मतदानोत्तर चाचण्यांचे अंदाज आले, तेव्हा बाजार बंद होता. सोमवारी सकाळी नऊ ते सव्वानऊच्या प्री-ओपन, म्हणजे नियमित व्यवहारांआधीच्या, सत्रातच भाव वर सरकले, म्हणजे रविवारभर वाहिन्या पाहून ज्यांनी खरेदी ठरवली त्यांना वाढलेलाच भाव मिळाला. त्या दिवशी निर्देशांक ७६,४६९ वर बंद झाला. मंगळवारी, ४ जूनला, प्रत्यक्ष निकाल अंदाजांशी जुळेनात आणि निर्देशांक ४,३९० अंशांनी कोसळून ७२,०७९ वर आला. आता मेहुण्यांकडे येऊ. म्युच्युअल फंडात दुपारी तीननंतर दिलेल्या विक्रीच्या आदेशाला दुसऱ्या कामकाजाच्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा त्या दिवसाचा भाव, लागते. त्यांनी रात्री बातम्या पाहून आदेश दिला असेल, तर त्यांचे युनिट बुधवारच्या भावाने विकले गेले, आणि बुधवारी सेन्सेक्स २,३०३ अंशांनी चढलेला होता. म्हणजे ज्या पडझडीला घाबरून ते बाहेर पडले, तिच्यातली निम्म्याहून अधिक त्यांची विक्री होईपर्यंत भरून निघाली होती. शुक्रवारी, ७ जूनला, निर्देशांक ७६,६९३ वर होता. त्या आठवड्यात ज्याने टीव्ही लावलाच नाही, त्याचे सेन्सेक्सच्या हिशेबाने साडेतीन टक्क्यांहून अधिक वाढले. मेहुणे परत कधी आत आले, हे मात्र आपण लिहिलेले नाही, आणि खरा प्रश्न तोच आहे.

त्याआधी ‘लाख कोटी बुडाले’ याविषयी थोडे. ४ जूनच्या रात्री हा आकडा सुमारे ३१ लाख कोटी सांगितला गेला. तो काढण्याची रीत साधी आहे. मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या सर्व कंपन्यांच्या सर्व शेअरना दिवसाच्या शेवटच्या सौद्याचा भाव लावायचा, बेरीज करायची आणि आदल्या दिवसाच्या बेरजेतून ती वजा करायची. यात प्रवर्तकांकडचे आणि सरकारकडचे, वर्षानुवर्षे न विकले जाणारे शेअरही येतात. त्या दिवशी प्रत्यक्ष हातबदल झाला तो त्यातल्या अगदी थोड्या भागाचा. आकडा खोटा नसतो, पण आपल्या १८ लाखांचे काय झाले हे तो सांगत नाही. शिवाय बातमीदारीत रोजच्या चढउताराला संध्याकाळपर्यंत एखादे कारण चिकटवावेच लागते. तेल महागले आणि बाजार पडला तर ‘तेलाचा भडका’, तेल महागूनही बाजार चढला तर ‘बाजाराने बातमी पचवली’. लेखा विभागात काम करणाऱ्याने अशी नोंद खतावणीत चालवून घेतली नसती.

आता परत येण्याविषयी. ‘वातावरण निवळले की’ या आपल्या अटीची परीक्षा २०२० इतकी कुठेच झाली नसेल. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्क्यांनी पडून २५,९८१ वर आला. दुसऱ्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. पुढचे कित्येक महिने बातम्या वाईटच होत्या, रुग्णसंख्या वाढत होती, रोजगार जात होते आणि बाजार मात्र चढत होता. नोव्हेंबरात त्याने जुना उच्चांक ओलांडला. भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाले, आणि त्याच आठवड्यात, २१ जानेवारीला, सेन्सेक्सने प्रथमच ५०,००० ला स्पर्श केला. दिलासा देणारी बातमी येईपर्यंत थांबलेल्याला जवळपास दुप्पट भावाने परत शिरावे लागले असते. बाहेर पडण्याचा निर्णय एक रात्र घाबरवते म्हणून होतो, पण परत येण्यासाठी तशी कोणतीही रात्र येत नाही. त्यामुळे अशी रक्कम बहुतेक वेळा बचत खात्यातच पडून राहते.

याचा अर्थ बाजार नेहमी लगेच सावरतो असा मात्र घेऊ नका. ८ जानेवारी २००८ रोजी २०,८७३ वर असलेला सेन्सेक्स ९ मार्च २००९ ला ८,१६० वर होता. जुनी पातळी नोव्हेंबर २०१० मध्ये दिसली, पण टिकली नाही, आणि डिसेंबर २०११ मध्ये तो पुन्हा १५ हजारांच्या घरात आला. ज्याला २००९ च्या जुलैत मुलीची फी भरायची होती, त्याला ‘थांबा’ हा सल्ला महागात पडला असता. म्हणून आपल्या सहा लाखांना मी बाजारात ठेवणार नाही. फीची तारीख ठरलेली आहे, ती पुढे ढकलता येणार नाही.

काढताना कर पाहावा लागेल. सध्याच्या नियमांनुसार इक्विटी फंडाचे युनिट एक वर्षाहून अधिक काळ ठेवलेले असतील, तर आर्थिक वर्षातील सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त असतो आणि त्यावरील नफ्यावर १२.५ टक्के कर व त्या करावर उपकर लागतो. युनिट जुने ते आधी या क्रमाने विकले गेल्याचे धरले जाते आणि जुन्या युनिटांत नफ्याचा वाटा मोठा असतो. समजा सहा लाखांत तीन लाख नफा निघाला, तर कर सुमारे पावणेतेवीस हजार होईल. हीच विक्री ३१ मार्चच्या अलीकडे आणि पलीकडे अर्धी-अर्धी केली तर सोळा हजारांच्या आसपास वाचतील. पण तोवर तीन लाख बाजारात राहतील आणि दहा टक्क्यांच्या घसरणीतच तीस हजार जातील. मार्च अगदी तोंडावर असेल तरच वाटून काढा, नाहीतर एकदम काढा. उलट सगळे १८ लाख काढले, तर सात लाखांच्या नफ्यावर जवळपास ७५ हजार कर बसेल. गेल्या वर्षभरातल्या हप्त्यांच्या नफ्यावर २० टक्के दर आणि बहुधा एक्झिट लोडही (लवकर बाहेर पडण्याचे शुल्क) लागेल, तो वेगळा.

काढलेले सहा लाख मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात (अल्पमुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडात) ठेवा. इचलकरंजीत सहकारी बँका घरच्यासारख्या वाटतात, हे मला समजते. तरी ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंतच असतो, म्हणून रक्कम दोन बँकांत विभागा. एसआयपी चालूच राहू द्या, कारण पडत्या भावात तिचे युनिट अधिक मिळतात.

सगळ्याच बातम्या टाकाऊ नसतात. करदर बदलला, आपल्या फंडाचे गुंतवणूक धोरण बदलले, ठेव असलेल्या बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तर त्या बातमीची दखल त्याच आठवड्यात घ्यावी. एखाद्या कंपनीच्या विलीनीकरणाची कुजबुज छापून आली आणि भाव हलला, तर मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना २४ तासांत तिची पुष्टी, इन्कार किंवा खुलासा करावा लागतो. शेअर बाजाराच्या नियामकाने, म्हणजे सेबीने, हा नियम जून २०२४ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० आणि डिसेंबर २०२४ पासून पहिल्या २५० कंपन्यांना लागू केला आहे. वाहिन्यांवरच्या ‘आज काय घ्यावे’ या सत्रांविषयी मात्र सावध राहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सेबीने एका हिंदी व्यापार-वाहिनीवरील पाहुण्या तज्ज्ञांविरुद्ध अंतरिम आदेश काढला. शिफारस प्रसारित होण्याआधीच ती काही व्यवहार करणाऱ्यांना कळत होती आणि ते आधी खरेदी करून प्रेक्षकांच्या खरेदीत नफा काढत होते, असा सेबीचा प्राथमिक निष्कर्ष होता.

उरलेल्या बारा लाखांचे आठ-नऊ लाखही दिसू शकतात, हे आजच वहिनींशी बोलून ठेवा. आकडा पाहून पुन्हा झोप उडणार असेल, तर कमी परतावा पत्करून यातले तीन-चार लाख पीपीएफमध्ये दरवर्षी दीड लाखाच्या मर्यादेत वळवता येतील. ५८ व्या वर्षी निवृत्ती धरली, तर ५५ पासून दरवर्षी एक तृतीयांश रक्कम ठेवींकडे न्यायला सुरुवात करावी. आत्ता पहिले काम म्हणजे दोन्ही फंडांचे, अजून न विकलेल्या युनिटांवरील (अनरिअलाइज्ड) भांडवली नफ्याचे विवरणपत्र मागवणे. ते ई-मेलवर येते. त्यातून कोणत्या फंडातून किती युनिट काढायचे हे ठरवा आणि विक्रीचा आदेश कामकाजाच्या दिवशी दुपारी तीनच्या आत द्या.