पंचमस्तंभी: हा पाचवा खांब कुठला?

प्रश्न असा आला आहे: शीतयुद्धावरच्या एका मराठी लेखात ‘पाश्चात्त्य देशांच्या नजरेत तिथले कम्युनिस्ट पंचमस्तंभी होते’ असं वाक्य आहे. चौथा स्तंभ म्हणजे वृत्तपत्रं, मग पाचवा कोण? आणि सरळ ‘फितूर’ का म्हटलं नाही?

पंचमस्तंभी म्हणजे बाहेरच्या शत्रूला आतून साथ देणारा. चौथ्या स्तंभाशी या पाचव्याचं काही नातं नाही. हा स्तंभ म्हणजे खांबच नव्हे. १९३६ साली स्पेनच्या यादवी युद्धात सरकारविरुद्ध बंड केलेल्या जनरल फ्रँकोच्या बाजूच्या फौजा चार वाटांनी माद्रिदवर चालून जात होत्या. पाचवी तुकडी शहराच्या आतच आहे, अशा अर्थाचं विधान त्याच बाजूच्या जनरल मोला याच्या नावावर सांगितलं जातं. कूच करणाऱ्या सैन्याच्या अशा लांब रांगेला युरोपीय भाषांत ‘कॉलम’ म्हणतात. खांबही कॉलम आणि वर्तमानपत्रातलं सदरही कॉलम. आपल्याकडे भाषांतर करताना सैन्याच्या जागी खांब आला आणि तोच रुळला. ‘पाचवी फळी’ म्हटलं असतं तर अर्थ चटकन कळला असता असं मला वाटतं, पण आता तो बदल व्हायचा नाही.

गंमत म्हणजे माद्रिदमध्ये हा शब्द कम्युनिस्टांच्या तोंडी होता, फ्रँकोच्या छुप्या समर्थकांसाठी. १९४० मध्ये नॉर्वे पडला तेव्हा तो हिटलरच्या हस्तकांना लागला. आणि ५ मार्च १९४६ रोजी अमेरिकेतल्या फुल्टन गावी, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन व्यासपीठावर बसलेले असताना, चर्चिल यांनी तो कम्युनिस्टांवर उलटवला. युरोपाचे दोन तुकडे करणारा ‘पोलादी पडदा’ हा शब्द गाजला तो याच भाषणामुळे, म्हणून पंचमस्तंभाचा उल्लेख मागे पडला. पण रशियाच्या सीमेपासून दूरदूरच्या देशांतही कम्युनिस्टांचे पंचमस्तंभ उभे आहेत आणि ते केंद्राच्या आज्ञेबरहुकूम चालतात, हे चर्चिल यांनी तिथे स्पष्ट सांगितलं होतं.

या भीतीला आधार होता. कॉमिन्टर्न म्हणजे मॉस्कोतून चालणारी कम्युनिस्ट पक्षांची आंतरराष्ट्रीय संघटना. तिच्यात यायचं तर तिचे निर्णय बंधनकारक मानावे लागतील, अशी अट १९२० मध्येच घातलेली होती. कॉमिन्टर्न १९४३ मध्ये बरखास्त झाली, तरी संशय गेला नाही. नोव्हेंबर १९४६ च्या निवडणुकीत फ्रान्समध्ये सर्वांत जास्त मतं कम्युनिस्ट पक्षालाच पडली. मग फेब्रुवारी १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया. रशियाची लाल सेना १९४५ च्या अखेरीसच तिथून परतली होती. निवडणुकीत ३८ टक्के मतं मिळवून मंत्रिमंडळात बसलेल्या कम्युनिस्ट पक्षाने गृहखातं, पोलीस आणि कामगार संघटनांच्या बळावर सारी सत्ता हाती घेतली. मालमत्ता जाईल, धर्म बुडेल, रशियाने १९१८ मध्ये झारची कर्जं बुडवली तशी आपलीही बुडतील, ही धास्ती जुनीच होती. पॅरिस आणि रोमची झोप उडवली ती चेकोस्लोव्हाकियाची राजधानी प्रागमधल्या या सत्तापालटाने.

आता ‘फितूर’ का नाही? फितुराला कुणीतरी फोडलेलं असतं, पैशाने, वतनाने नाहीतर धाकाने. घरभेदी घरातलं गुपित बाहेर नेतो. ‘अस्तनीतला निखारा’ बराच जवळ येतो, पण तो एकटा असतो. पंचमस्तंभी संघटित असतो, बाहेरच्या फौजेची वाट पाहत असतो आणि मुख्य म्हणजे त्याला विचार पटलेला असतो. अणुबाँबची माहिती रशियाला पुरवणारा शास्त्रज्ञ क्लाउस फुक्स १९५० मध्ये पकडला गेला. तो पैशासाठी फुटला नव्हता, त्याची श्रद्धाच तिकडे होती. लाच घेणाऱ्याचा माग पैशावरून काढता येतो, श्रद्धेचा कसा काढणार? याच प्रश्नातून, कम्युनिस्टांचा शोध घेण्याची मोहीम चालवणाऱ्या सिनेटर मॅकार्थीच्या काळात, अमेरिकेत शिक्षक, अभिनेते, सरकारी कारकून अशा कितीतरी निरपराध माणसांच्या नोकऱ्या गेल्या. कामगारांच्या हक्कांसाठी प्रामाणिकपणे लढणारा आणि मॉस्कोचा हस्तक या दोघांना हा शब्द एकाच दाव्याला बांधतो, हा त्याचा मोठा दोष आहे.

तेव्हा त्या लेखातला शब्द बरोबर आहे, कारण ‘त्यांच्या नजरेत’ असं लेखकाने म्हटलं आहे. पैसे घेऊन कागद विकणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र फितूरच म्हणा. आणि समाजमाध्यमांना ‘लोकशाहीचा पाचवा स्तंभ’ म्हणून गौरवणाऱ्यांनी दुसरा शब्द शोधावा, कारण जुन्या वाचकाला त्यात माद्रिदच ऐकू येतं.