चारमिनारच्या आधी नयापुलावर थांबा

प्रश्न : माझे आजोबा वसमतचे. जमिनीच्या खटल्यापायी त्यांनी हैदराबादच्या हायकोर्टात वर्षानुवर्षं खेटे घातले. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन एका दिवसासाठी तिकडं जातेय. चारमिनार तर बघूच, पण आजोबांचं ते कोर्ट अजून आहे का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, आहे की! आणि कोर्ट म्हणूनच चालू आहे, फक्त आता ते तेलंगणाचं. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात, त्यामुळं आपल्याकडच्या मिसली, म्हणजे खटल्यांची कागदपत्रं, तिथंच जायच्या. नंतर मुंबईचं हायकोर्ट आलं, आणि औरंगाबादला खंडपीठ मिळायला १९८१ उजाडलं.

काम असल्याशिवाय आत सोडत नाहीत, पण त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ती इमारत लांबूनच शोभते. अफजलगंजकडून मुसी नदीवरच्या नयापुलावर या आणि मध्यावर थांबा. दक्षिणेच्या काठावर हायकोर्ट, तांबड्या दगडाचं, डोक्यावर घुमट. उत्तरेला उस्मानिया दवाखाना.

मी तिथं पहिल्यांदा उभा राहिलो १९७८ साली. मीटरगेजच्या गाडीनं रात्रभर डुलत आम्ही काचीगुड्याला उतरलो होतो. मामा म्हणाले, "आधी नदी बघ." नदी कसली, मला तर ओढाच वाटला. मग त्यांनी २८ सप्टेंबर १९०८ची गोष्ट सांगितली. याच मुसीनं त्या दिवशी शहर धुऊन नेलं, हजारो माणसं गेली. दवाखान्याच्या आवारात एक चिंच आहे. तिच्या फांद्यांना धरून दीडशेच्या आसपास लोक वाचल्याचं सांगतात. मुलांना ती चिंच जरूर दाखवा. दवाखान्याच्या जुन्या इमारतीत शिरायचा हट्ट मात्र धरू नका.

आज दिसतो तो काठ त्या पुरानंतरचा. निजामानं विश्वेश्वरय्यांना बोलावलं, वरच्या अंगाला उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणं झाली, १९१२मध्ये शहर सुधारणा मंडळ आलं. आणि मग काठावर एकेक इमारत उठली. कोर्ट, दवाखाना, कोर्टापासून जवळचं सिटी कॉलेज, तिन्हींवर व्हिन्सेंट एश या इंग्रज वास्तुविशारदाचा हात. काचीगुडा स्टेशनही त्याचंच. म्हणजे आजोबा गाडीतून उतरले तेही एशच्या इमारतीत, आणि तारखेला उभे राहिले तेही एशच्याच. तुम्हीही शक्यतो काचीगुड्यालाच उतरा.

पुलावरून चारमिनार चालत गाठा, रिक्षा करू नका. वाटेत पत्थरगट्टीच्या दगडी कमानींखालची दुकानं लागतात. सगळे बांगड्यांच्या ओढीनं लाड बाजाराकडं पळतात आणि या कमानींकडं मान वर करून कोणी बघत नाही, याचा मला दरवेळी राग येतो. पुढं मछली कमान, गुलजार हौद, आणि समोर चारमिनार. हा १५९१चा, मुहम्मद कुली कुतुबशहानं बांधलेला. माथ्यावर पश्चिमेच्या बाजूला मशीद आहे हे खालून ध्यानात येत नाही. शेजारची मक्का मशीद १६१७ला सुरू झाली आणि पुरी झाली १६९४ला, औरंगजेबाच्या काळात. आपल्या खुलताबादेत कबर आहे तोच.

सालारजंग संग्रहालयाला एका दिवसात न्याय देता येणार नाही, ते पुढच्या खेपेला ठेवा. आणि शुक्रवार टाळा; दुपारच्या नमाजाला चारमिनारपाशी मुलांचा हात धरून चालणंही अवघड होतं.