आई रात्री काही खात नाही, तरी सकाळची शुगर झोपतानापेक्षा जास्त कशी?

तुम्ही लिहिलंय की आईला टाइप २ डायबेटिस आहे, रात्री साडेआठला अर्धी भाकरी आणि भाजी, झोपताना ग्लुकोमीटरवर १३२ आणि सकाळी चहाच्या आधी १६८. ‘ती चोरून काही खात असेल का?’ असंही विचारलंय.

आईवरचा आळ आधी मागे घ्या. ही साखर तिच्या यकृताने रात्रभर तयार करून रक्तात सोडलेली आहे. मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला बायोकेमिस्ट्री शिकवते. कुणाच्या ना कुणाच्या आजीच्या निमित्ताने हा प्रश्न वर्गात येतोच.

आपण झोपलो तरी मेंदू झोपत नाही. त्याला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. तांबड्या पेशींमध्ये तर मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रंच नसतात, त्यामुळे त्यांचं सगळं साखरेवर. आणि रक्तात एका वेळी असते जेमतेम चमचाभर, ५ ग्रॅमच्या आसपास. रात्रभर ती भरत राहण्याचं काम यकृताचं. त्याच्याकडे शंभरेक ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोज जोडून केलेला साठा, ठेवलेलं असतं. स्नायूंकडे याहून बरंच जास्त असतं, पण ते रक्तात सोडायला लागणारं एन्झाइम त्यांच्याकडे नाही, म्हणून त्यांचं त्यांनाच. ग्लायकोजेन उतरणीला लागलं की यकृत लॅक्टेट, ग्लिसरॉल आणि अमिनो आम्लांपासून नवी साखर बनवायला घेतं.

आता साठवायचं की सोडायचं, हे पेशीला कळतं कसं? स्वादुपिंडातून निघालेलं इन्शुलिन (‘साठव’ सांगणारं) आणि ग्लुकॅगॉन (‘सोड’ सांगणारं) अंगभर जाण्याआधी पोर्टल शिरेतून थेट यकृतात येतं, म्हणजे निरोप पहिला इथेच पोचतो. शिवाय पेशीची स्वतःची मोजणीही चालू असते. ग्लुकोज पकडणारं तिचं एन्झाइम, ग्लुकोकायनेज, साखर कमी असेल तर जवळपास स्वस्थ बसतं. साधारण १४५ला कुठे ते निम्म्या वेगाला येतं. उपाशीपोटी तर एक प्रथिन त्याला चक्क केंद्रकात डांबून ठेवतं. जेवण झालं, साखर वाढली, की सुटका.

मला सगळ्यात आवडतो तो यापुढचा खटका. फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट नावाचा एक रेणू १९८०मध्ये बेल्जियममध्ये व्हान शाफ्टिंगेन आणि हेर्स यांच्या प्रयोगशाळेत सापडला. तो पेशीत भरपूर असेल तर साखर जाळण्याचा रस्ता उघडा आणि बनवण्याचा बंद. कमी झाला की उलट. गंमत म्हणजे त्याला घडवणारं आणि मोडणारं एन्झाइम एकच आहे, दोन टोकांचं. ग्लुकॅगॉन आलं की त्यावर एक फॉस्फेट चिकटतो, घडवणारं टोक बंद पडतं आणि मोडणारं चालू होतं. ही व्यवस्था नसती तर एकीकडे साखर बनवायची, दुसरीकडे तीच मोडायची, यातच एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, फुकट गेलं असतं.

आणि एटीपी स्वस्त नाही. तांबड्या पेशीला एका ग्लुकोजमधून मिळतात २ एटीपी. तिने टाकलेल्या लॅक्टेटपासून पुन्हा ग्लुकोज बनवायला यकृताला ६ एटीपीइतका खर्च येतो. हा खर्च निघतो चरबीतून. हलवाई आपली मिठाई खात नाही, तसं उपाशीपोटी यकृत स्वतः चरबी जाळतं आणि साखर इतरांना देतं. चरबी जळताना साचणारा असेटिल-सीओए नावाचा तुकडा पायरुव्हेट (लॅक्टेटपासून बनणारा रेणू) जाळण्याचा मार्ग रोखतो आणि त्याच पायरुव्हेटला साखरेच्या वाटेला लावतो. उरलेल्याचे कीटोन, म्हणजे इतर अवयवांसाठीचं पर्यायी इंधन, होतात. तेही यकृताला स्वतःला वापरता येत नाहीत. (साबुदाण्याच्या खिचडीवर केलेल्या एकादशीला यातलं फारसं काही घडत नाही. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, यकृताच्या लेखी ते जेवणच.)

टाइप २मध्ये बिघडतं ते इथे. इन्शुलिन ‘पुरे आता’ सांगतं, पण यकृत पुरेसं ऐकत नाही. ग्लुकॅगॉन हवं त्यापेक्षा जास्त असतं, चरबीच्या पेशींमधून फॅटी आम्लं येतच राहतात, आणि पहाटे कॉर्टिसोल, ग्रोथ हॉर्मोन त्यात भर घालतात. विचित्र भाग असा की ‘चरबी बनव’ हा इन्शुलिनचा दुसरा हुकूम मात्र ते पाळत राहतं. म्हणून सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आणि सकाळी वाढलेली शुगर बऱ्याचदा जोडीने दिसतात. मेटफॉर्मिनचा मुख्य परिणाम यकृताच्या याच साखर सोडण्यावर होतो.

तेव्हा अर्ध्या भाकरीची पाव भाकरी करू नका, त्याने हा आकडा खाली येईलच असं नाही. दोन-तीन रात्री झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर अशी शुगर तपासून लिहून ठेवा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. तीनची शुगर खाली गेलेली दिसली तर औषधाचा डोस त्यांना वेगळ्या बाजूने बघावा लागेल. गोळ्यांत स्वतःहून फेरफार नको.

घरात आणखी कुणी इन्शुलिनवर किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर असेल आणि अधूनमधून ‘बसत’ असेल, तर उलटा धोकाही सांगून ठेवते. दारू पचवताना यकृतातलं एनएडी (या रासायनिक क्रियांना लागणारा मदतनीस रेणू) खर्ची पडतं, लॅक्टेटपासून साखर बनेनाशी होते, आणि पोटात जेवण नसेल तर शुगर रात्रीतून धोक्याइतकी खाली जाऊ शकते. अशा वेळी ती व्यक्ती घामाघूम होऊन बरळत असेल तर ‘चढलीय’ म्हणून झोपू देऊ नका, आधी ग्लुकोमीटर लावा.